निबंध अडतो, क्विझ संपते

पोरिरुआत जून महिना म्हणजे ऐन हिवाळा. संध्याकाळी पाचलाच अंधार पडतो, दक्षिणेकडून येणारा गार वारा खिडक्या वाजवत राहतो आणि न्यूझीलंडच्या शैक्षणिक वर्षाचं पहिलं सत्र संपत आलेलं असतं. या शहरात राहून कापिती लाइनची गाडी पकडून वेलिंग्टनच्या विद्यापीठात जाणारी मुलं याच सुमारास टर्म पेपर लिहायला बसतात. त्यांत मराठी मुलंही असतात. समजा, अशाच एका मुलीला शुक्रवारी रात्री बाराच्या आत दोन हजार शब्दांचा निबंध द्यायचा आहे. आज बुधवार. ती आठ वाजता लॅपटॉप उघडून बसते. एक वाक्य लिहिते, खोडते. मग दुसऱ्या खिडकीत ‘सोळांपैकी तुमचं व्यक्तिमत्त्व कोणतं?’ ही क्विझ उघडते. तिचे साठेक प्रश्न संपले की हॅरी पॉटरच्या शाळेत आपण कुठल्या हाउसमध्ये गेलो असतो ते बघते, मग जगातलं कुठलं शहर आपल्याला मानवेल ते. साडेदहाला निबंधाचा कागद कोरा असतो, पण स्वतःविषयीच्या शंभरएक प्रश्नांची उत्तरं तिने मन लावून दिलेली असतात.

हा आळस नाही, कारण आळशी माणूस साठ प्रश्न नीट वाचून त्यांची उत्तरं देत बसत नाही. तिच्याकडे वेळ होता, लक्ष होतं, बसायची ताकदही होती. हे सगळं निबंधाकडे का वळलं नाही? आणि वळलं ते नेमकं क्विझकडेच का? गेल्या तीसेक वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी या कोड्याचा बराच उलगडा केला आहे. त्यातलं काही मोलाचं काम न्यूझीलंडमध्येच झालं आहे.

उशीर वेगळा, चालढकल वेगळी

पोरिरुआच्या पूर्वेच्या डोंगरांतून ट्रान्समिशन गली नावाचा २७ किलोमीटरचा महामार्ग जातो. तो एप्रिल २०२० मध्ये सुरू व्हायचा होता. वाहतूक सुरू झाली ती ३१ मार्च २०२२ रोजी. अवघड डोंगराळ जमीन होती, मध्येच कोविडची टाळेबंदी आली, अशी त्यामागे अनेक कारणं होती. हा उशीर झाला, पण याला चालढकल म्हणता येत नाही.

चालढकल म्हणायला तीन गोष्टी लागतात. काम करायचं असं आपण स्वतः ठरवलेलं असतं. ते पुढे ढकलायला कुणी भाग पाडत नसतं. आणि ढकलल्याने आपलंच नुकसान होणार, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ पीअर्स स्टील यांनी २००७ मध्ये या विषयावरची शेकडो संशोधनं एकत्र तपासली, त्यांच्या व्याख्येचा मथितार्थ हाच आहे. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. नुकसान माहीत असूनही माणूस तसं करतो, म्हणून ‘वेळेचं महत्त्व समजावून सांगणं’ इथे निरुपयोगी ठरतं. निबंध अडलेल्या त्या मुलीला ते महत्त्व रात्रभर छळत असतं.

हुशारीचाही इथे उपयोग होत नाही. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकेरलॉफ वर्षभर भारतात राहत होते, तेव्हा त्यांचे मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ त्यांच्याकडे येऊन गेले आणि जाताना कपड्यांचा एक खोका मागे ठेवून गेले. तो अमेरिकेला पाठवायचा होता. त्यात अख्खा दिवस मोडणार असा अकेरलॉफ यांचा अंदाज होता. आठ महिन्यांहून अधिक काळ ते रोज सकाळी ठरवत राहिले की उद्या नक्की पाठवायचा. शेवटी दुसऱ्या एका मित्राच्या सामानातून तो खोका गेला. १९९१ मध्ये त्यांनी यावरच एक शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं: काम आज करण्याचा त्रास डोळ्यांपुढे ठळक दिसतो आणि ते एका दिवसाने पुढे गेल्याचा तोटा अगदी किरकोळ वाटतो, म्हणून रोजचा हिशेब स्वतंत्रपणे मांडला तर उत्तर रोज ‘उद्या’ असंच येतं. प्रत्येक दिवसाचा निर्णय त्या दिवसापुरता शहाणपणाचा दिसतो आणि आठ महिने निघून जातात. या दोघाही मित्रांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

निबंध इतका जड का होतो

स्टील यांच्या पाहणीत आणखी एक गोष्ट स्पष्ट दिसते. काम जितकं नकोसं, तितकी चालढकल जास्त. पण निबंध नकोसा का वाटावा? शारीरिक कष्ट नाहीत, बसून लिहायचं तर आहे.

महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या मुलांचा विचार केला की याचं उत्तर सापडतं. आपल्याकडे बहुतेकांचं शिक्षण वर्षअखेरच्या परीक्षेभोवती फिरतं. प्रश्न कसे येतात ते माहीत असतं, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका असतात, गाइड असतं, सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राचं जर्नल असतं. न्यूझीलंडमध्ये सत्रभर असाइनमेंट द्याव्या लागतात आणि त्यांवर बरेच गुण असतात. प्रश्नाच्या शेवटी ‘चिकित्सक चर्चा करा’ असं लिहिलेलं असतं. किती चर्चा म्हणजे चर्चा, स्वतःचं मत कुठवर मांडायचं, संदर्भ कसे द्यायचे, दुसऱ्याचं वाक्य कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं, हे सगळं नवीन असतं. ‘बरोबर उत्तर’ नावाची वस्तूच हाती लागत नाही. त्यात फीची रक्कम मोठी असते आणि पुष्कळदा घरावर कर्जही असतं. त्यामुळे कोरा कागद समोर आला की मन विषयाचा विचार करायचं सोडून ‘मला हे जमतं का? मी इथे आले ते चुकलं तर नाही?’ याच प्रश्नांवर जाऊन बसतं. निबंध नकोसा होतो तो या प्रश्नांमुळे.

मनाची उधारी

इथून पुढची यंत्रणा टिमथी पिचिल आणि फ्यूशिया सिरवा यांनी २०१३ मध्ये नीट मांडली. त्यांच्या मते चालढकलीचं मूळ वेळेच्या नियोजनात नसून भावनांच्या व्यवस्थापनात आहे. निबंध उघडला की भीती वाटते, बंद केला की ती लगेच ओसरते. हे हायसं वाटणंच मेंदूला मिळालेलं बक्षीस. ज्या कृतीने लगेच बरं वाटतं, ती पुन्हा करावीशी वाटते. चार-पाच वेळा असं झालं की फाइलच्या नावावर नजर पडताच हात दुसरीकडे वळतो.

यात खरोखर मूडचाच हात आहे का, हे तपासायला डायान टाइस, एलेन ब्रात्स्लाव्स्की आणि रॉय बाउमाइस्टर यांनी एक सुंदर प्रयोग केला. तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना मन उदास होईल असा प्रसंग कल्पायला सांगितला. मग थोड्या वेळाने गणिताची चाचणी आहे, हवं तर सराव करा, असं सांगून खोलीत सोडलं. काहींच्या खोलीत खेळ आणि मासिकं होती, काहींच्या खोलीत रटाळ वस्तू. शिवाय काही जणांना सांगितलं, की इथे लावलेल्या सुगंधी मेणबत्तीमुळे तुमचा आताचा मूड काही काळ बदलणारच नाही. मेणबत्ती साधीच होती. उदास मुलांनी खेळ समोर असताना सराव सोडून खेळण्यात वेळ घालवला. पण मूड बदलणार नाही असं ज्यांना वाटत होतं, त्यांची चालढकल जवळजवळ नाहीशी झाली. खेळून बरं वाटणार नसेल, तर खेळायचं कशाला? रटाळ वस्तूंसाठी फारसा कुणी सराव सोडला नाही.

याच टाइस आणि बाउमाइस्टर यांनी १९९७ मध्ये टर्म पेपर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारी मुलं इतरांपेक्षा निवांत होती, त्यांना ताण कमी होता, दुखणीखुपणीही कमी. सत्राच्या शेवटी चित्र उलटलं. त्यांचा ताण आणि आजारपण इतरांपेक्षा वाढलं आणि एकूण बेरीज केली तर त्यांनी जास्तच सोसलं. पेपरचे गुणही कमी पडले.

किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं हे चालतं. माल आज घरी येतो, पैसे महिनाअखेरीला द्यायचे असतात, आणि आज पिशवी भरताना महिनाअखेर कुणा दुसऱ्याचीच वाटते. हॅल हर्शफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन पाहिलं, तेव्हा अनेकांच्या बाबतीत भविष्यातल्या स्वतःचा विचार करताना मेंदूचं काम परक्या माणसाचा विचार करतानाच्या कामाशी मिळतंजुळतं दिसलं. बुधवारची मुलगी शुक्रवारच्या मुलीच्या नावावर माल उचलत असते.

मग क्विझच का?

वेळ घालवायला व्हिडिओ आहेत, गेम आहेत, मैत्रिणीशी गप्पा आहेत. तरी सत्राच्या शेवटी व्यक्तिमत्त्वाच्या क्विझ हटकून हाताशी येतात. माझ्या मते याचं कारण क्विझच्या घडणीतच आहे.

निबंध आणि क्विझ दोन्हींत प्रश्न असतात, दोन्हींत आपण उत्तरं देतो, दोन्हींच्या शेवटी आपल्याविषयी निकाल लागतो. पण निबंधाचा निकाल अनोळखी परीक्षकाच्या हाती असतो, तो काही आठवड्यांनी येतो आणि तो वाईट असू शकतो. क्विझमध्ये चुकीचं उत्तर नसतं. वरची पट्टी पुढे सरकताना दिसते, दहा मिनिटांत काम पूर्ण झाल्याचं समाधान मिळतं आणि निकालात हमखास काहीतरी छान असतं: तुम्ही विचारी आहात, तुमच्यात सुप्त नेतृत्व आहे, लोक तुम्हाला लवकर ओळखत नाहीत. कोऱ्या कागदाने ‘मला जमतं का?’ हा जो प्रश्न उकरून काढला होता, त्याचं प्रेमळ उत्तर इथे ताबडतोब मिळतं. शिवाय हे ‘स्वतःला समजून घेणं’ असल्यामुळे वेळ फुकट गेला असंही फारसं वाटत नाही. एका परीक्षेपासून पळून माणूस दुसऱ्या परीक्षेला जाऊन बसतो, जिथे सगळे पास होतात.

आणि निकाल खरा का वाटतो? १९४८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली. आठवड्याने प्रत्येकाला त्याचं ‘व्यक्तिमत्त्व-वर्णन’ दिलं आणि ते किती जुळतं याला शून्य ते पाच गुण द्यायला सांगितलं. सरासरी चारच्या वर गेली. मग त्यांनी उघड केलं, की सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता आणि त्याचा बराचसा भाग ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता. ‘तुम्ही माणसांत रमता, पण कधीकधी एकटं राहावंसं वाटतं’ असं वाक्य कुणाला लागू होणार नाही? त्यात दोन्ही बाजू आलेल्या असतात, वाचणारा आपल्याला आठवतं ते उचलतो आणि बाकी सोडून देतो. मानसशास्त्रात याला बार्नम परिणाम म्हणतात.

क्विझ यात एक भर घालते. ‘मला आधी आखणी करायला आवडतं’ या वाक्याला तुम्ही हो म्हणता आणि शेवटी ‘तुम्ही नियोजक आहात’ असा निकाल येतो. आपणच सांगितलेलं नवीन नाव लावून आपल्याकडे परत येतं.

सोळा प्रकारांच्या क्विझचं घराणं जुनं आहे. कार्ल युंग यांच्या १९२१ च्या ग्रंथावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी एमबीटीआय ही चाचणी घडवली. तिची अडचण सरळ आहे. अंतर्मुख किंवा बहिर्मुख असणं हे कमी-अधिक प्रमाणात असतं आणि बहुतेक माणसं मधल्या पट्ट्यात येतात. चाचणी मात्र बरोबर मधोमध रेघ मारून दोन गट करते. शंभरात ४९ आणि ५१ गुण मिळालेली दोन माणसं जवळजवळ सारखी असूनही वेगळ्या प्रकारांत जातात. म्हणूनच पाच आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिल्यावर निम्म्यापर्यंत लोकांचा प्रकार बदललेला आढळला आहे.

> चौकट: संशोधक स्वभाव कसा मोजतात
>
> ऑकलंड विद्यापीठातले क्रिस सिब्ली २००९ पासून न्यूझीलंडमधल्या हजारो लोकांची मतं आणि मूल्यं दरवर्षी नोंदवणारा एक मोठा अभ्यास चालवत आहेत. त्यात स्वभाव मोजायला फक्त २४ वाक्यं असतात, प्रत्येक गुणासाठी चार.
>
> गुण सहा: मिळून-मिसळून वागणं, दुसऱ्याबद्दल कळवळा, कामातली शिस्त, भावनिक अस्थिरता, नव्याची ओढ आणि प्रामाणिक नम्रता.
>
> वाक्यं अगदी साधी असतात आणि आपल्याला ती किती लागू पडतात ते आकड्यात सांगायचं असतं. निकालात कुठलंही नाव मिळत नाही, प्रत्येक गुणाची पातळी मिळते. ती इतरांच्या तुलनेत वाचायची.

स्वभाव आणि नशीब

‘मी परफेक्शनिस्ट आहे, म्हणून मला उशीर होतो’ असं पुष्कळ मुलं मनापासून मानतात, आणि क्विझचे निकालही त्यांना तसं सांगतात. स्टील यांना मात्र परिपूर्णतेचा ध्यास आणि चालढकल यांत जवळजवळ काहीच संबंध आढळला नाही. खूप घट्ट संबंध आढळला तो चौकटीतल्या तिसऱ्या गुणाशी, कामातल्या शिस्तीशी. शिस्त कमी, तर चालढकल जास्त.

हे वाचून खचायचं कारण नाही. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७३ या काळात जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. जगातल्या सर्वांत चिकाटीने चाललेल्या अभ्यासांपैकी तो एक. टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्यातून दाखवलं, की वयाच्या तीन ते अकरा वर्षांत ज्यांचा स्वतःवर ताबा चांगला होता, त्यांची वयाच्या बत्तिशीतली तब्येत आणि आर्थिक स्थिती सरासरीने बरी होती. याच शोधनिबंधातल्या दुसऱ्या निष्कर्षाची चर्चा कमी होते. लहानपणी ताबा कमी असून पुढे तो वाढला, अशा मुलांचं मोठेपणी अपेक्षेपेक्षा बरं चाललं होतं. ताबा वाढू शकतो आणि वाढला की फरक पडतो. एखाद्या रात्री सोळा प्रकारांच्या क्विझमधून मिळालेलं चार अक्षरी नाव यातलं काहीच सांगत नाही.

उत्तरं कुठे जातात

क्विझ फुकट असते, तेव्हा उत्तरांनाच किंमत असते. २०१४ च्या सुमारास केंब्रिजचे संशोधक अलेक्झांडर कोगन यांच्या व्यक्तिमत्त्व-चाचणीच्या अॅपने फेसबुकवर चाचणी देणाऱ्यांची आणि त्यांच्या मित्रांचीही माहिती गोळा केली. ती केंब्रिज अॅनालिटिका या कंपनीकडे गेली, हे मार्च २०१८ मध्ये जगजाहीर झालं. फेसबुकच्या अंदाजानुसार न्यूझीलंडमध्ये ते अॅप अवघ्या १० जणांनी घेतलं होतं, पण माहिती गेली असण्याची शक्यता होती सुमारे ६४ हजार जणांची. भारतात ३३५ जणांमुळे हा आकडा ५ लाख ६२ हजारांवर पोचला. तेव्हापासून नियम बरेच कडक झाले आहेत. तरी निकाल दाखवण्याआधी फेसबुकने लॉगिन करा म्हणणारी क्विझ तिथेच बंद करावी.

सुरुवात कशी होते

मूळ दुखणं भावनेचं असेल, तर उपायही तिथूनच सुरू करावा लागतो. ‘उद्यापासून नीट अभ्यास करायचा’ या निश्चयात भावनेच्या त्या क्षणासाठी काहीच तरतूद नसते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी वेगळा मार्ग दाखवला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी विद्यार्थ्यांना नाताळची संध्याकाळ कशी घालवली यावर दोन दिवसांत अहवाल लिहून पाठवायला सांगितलं. निम्म्यांनी तो नेमका कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधीच ठरवून टाकलं होतं. त्यांच्यातल्या तीन चतुर्थांश मुलांनी वेळेत लिहिलं. बाकीच्यांपैकी फक्त एक तृतीयांश मुलांनी.

हे ठरवणं ‘अमुक झालं की तमुक करायचं’ अशा साच्यात असावं. गाडी पोरिरुआ स्टेशनवरून सुटली की फोनवर पहिल्या मुद्द्याची तीन वाक्यं लिहायची, कशीही. वेलिंग्टन यायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढी पुरतात. किंवा, पाटाका संग्रहालयाच्या इमारतीतल्या वाचनालयात जाऊन बसले की आधी संदर्भांची यादी टाइप करायची. निर्णय आधीच घेतलेला असल्यामुळे भीती वाटण्याच्या क्षणी तो नव्याने घ्यावा लागत नाही. कामाचा तुकडा इतका लहान ठेवायचा की ‘मला जमतं का?’ हा प्रश्न डोकं वर काढण्याआधीच तो संपेल. प्रश्न कळलाच नसेल, तर शिक्षकांना किंवा संस्थेतल्या लर्निंग अॅडव्हायझरना सरळ विचारायचं. आपल्याकडे असं विचारायला मुलं कचरतात. तिथे ही माणसं त्यासाठीच नेमलेली असतात.

आणि बुधवारची रात्र वाया गेलीच तर? कॅनडाच्या कार्लटन विद्यापीठात मायकेल वोल आणि सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांना दोन परीक्षांच्या काळात विचारून पाहिलं. २०१० मध्ये त्यांनी सांगितलेला निष्कर्ष असा: पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. स्वतःला रागावलं की निबंधाभोवतीची वाईट भावना आणखी दाट होते, आणि पळायचं असतं ते तिच्यापासूनच. आठवडेच्या आठवडे काहीच सुरू होत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर मात्र ही नुसती चालढकल नसू शकते. न्यूझीलंडमध्ये १७३७ या क्रमांकावर फोन किंवा मेसेज करून समुपदेशकाशी फुकट बोलता येतं, भारतात टेलिमानसचा क्रमांक १४४१६ आहे.

घरच्यांचा वाटाही यात आहे. जूनमध्ये न्यूझीलंड भारताच्या साडेसहा तास पुढे असतं. पुण्यात दुपारी साडेबाराला आई फोन लावते, तेव्हा पोरिरुआत संध्याकाळचे सात वाजलेले असतात, म्हणजे मुलगी नुकतीच लिहायला बसणार असते. ‘पूर्ण झाला का गं निबंध?’ या प्रश्नाला तिच्याकडे एकच उत्तर असतं आणि ते देताना तिची धास्ती वाढते. ‘आज कुठला मुद्दा लिहितेस? मला सांग बघू’ असं विचारलं, तर तिला तो मुद्दा मराठीत, सोप्या शब्दांत, आईला कळेल असा सांगावा लागतो. तेच तिच्या निबंधाचं पहिलं कच्चं लिखाण होतं आणि फोन ठेवल्यावर तिला ते फक्त कागदावर उतरवायचं असतं.